पाटी कोरी करताना

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या घरात आवराआवरीची लाट येते, आणि त्या लाटेत दरसाल माझे काहीतरी वाहून जाते, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. गेल्या साली जुन्या मासिकांचा गठ्ठा गेला. यंदा सौभाग्यवतींची नजर माझ्या टेबलाखालच्या जुन्या संगणकावर गेली.

"अहो, हे धूड नुसतं धूळ खातंय. मावशींच्या मुलाला देऊन टाकू या. दहावीला आहे, त्याला उपयोगी पडेल."

मावशी म्हणजे आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई. सूचना उत्तम होती. मी संगणक चालू केला, माझ्या साऱ्या फायली डिलीट केल्या, वर रिसायकल बिनही रिकामा केला आणि कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात चहाला बसलो. तेवढ्यात भाचा आला. या विषयातला तो जाणकार.

"मामा, डिस्क पुसलीत का?"

"पुसली की!"

"कशी?"

मी कृती सांगितली. तो हसला. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी 'काव्य म्हणजे यमक' असे सांगतो तेव्हा आम्ही प्राध्यापक हसतो, अगदी तसे. मग त्याने एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम लावला. तासाभरात पडद्यावर यादी उमटू लागली. प्रश्नपत्रिका, गृहकर्जाचे कागद, आधार कार्डाची प्रत, विद्यार्थ्यांचे गुण, सारे जसेच्या तसे! मी मौजेने पाहत होतो. आणि एकाएकी एक नाव दिसले.

"ती फाइल उघडू नकोस," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच असावा, सौ. स्वयंपाकघरातून डोकावली.

सहा वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. तिला एक अर्ज लिहून हवा होता, आणि त्यात तिच्या घरातली अशी एक गोष्ट लिहिणे भाग होते, की जी तिने तोवर कोणालाही सांगितली नव्हती. मी तो याच संगणकावर लिहिला, छापून दिला. जाताना ती दारात घुटमळली. "सर, ते पुसून टाकाल ना?" मी तिला आत बोलावले, तिच्यासमोर बटण दाबले आणि म्हटले, "हे बघ, पुसलं." मोकळ्या चेहऱ्याने ती पोर जिना उतरून गेली.

आणि ते पुसले गेलेच नव्हते! सहा वर्षे माझा शब्द टेबलाखाली खोटा होऊन पडला होता.

"पण असं कसं?" मी विचारले.

"मामा, ग्रंथालयातल्या यादीचं कार्ड तुम्ही फाडून टाकलंत, तर फडताळातलं पुस्तक जातं का?"

एवढ्यात सारे आले. आपण डिलीट म्हणतो तेव्हा संगणक फक्त यादीतली नोंद काढतो आणि 'ही जागा मोकळी' अशी खूण करतो. मजकूर डिस्कच्या तबकडीवर तसाच राहतो. पुढे कधी त्याच जागी दुसरे काही लिहिले गेले, तरच तो जातो. माझा संगणक इतक्या वर्षांत फारसा वापरला गेला नाही, म्हणून बहुतेक सारे शाबूत होते. झटपट फॉरमॅट केले तरी होते इतकेच, की जुनी यादी जाऊन नवी कोरी यादी येते. पूर्ण फॉरमॅटची गोष्ट निराळी. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून त्यात सर्व जागेवर शून्ये लिहिली जातात.

असा फसणारा मी एकटा नव्हे, हे कळून थोडा धीर आला. अमेरिकेतल्या एमआयटीमधील सिमसन गारफिंकल व अभी शेलत या दोघांनी २००० ते २००२ या काळात जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या १२९ चालू निघाल्या. नीट पुसलेल्या अवघ्या १२! बाकीच्यांत लोकांची खाजगी पत्रे होती, आजारपणाचे तपशील होते, ५,००० हून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक होते. एक डिस्क तर बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रातली होती.

मग पुसायचे कसे? पाटीवर ओला बोळा फिरवला की अक्षर जाते. डिस्कला असा बोळा नाही. तिच्यावर नवे लिहिणे हेच जुने पुसणे. किती वेळा लिहावे, याविषयी मोठी दंतकथा आहे. १९९६ साली न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या पीटर गटमन यांनी एका निबंधात ३५ वेळा लिहिण्याची रीत सांगितली, आणि लोकांनी तो मंत्रच केला. वास्तविक ती ३५ आवर्तने त्या काळच्या नाना तऱ्हांच्या डिस्क मिळून होती. पुढे त्यांनीच हा गैरसमज दूर केला. आजच्या चुंबकीय डिस्कवर एकदा शून्ये लिहिली, की प्रयोगशाळेतही मजकूर परत मिळणे सहसा शक्य नाही, असे अमेरिकेच्या मानक संस्थेची २०१४ ची मार्गदर्शिका सांगते.

ज्या डिस्कवरून संगणक चालतो, तिला चालू असताना पुसता येत नाही. बसलेली फांदी तोडण्यासारखेच ते. म्हणून भाच्याने पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला आणि शून्ये लिहायला लावली. ५०० गिगाबाइटची डिस्क. दोन तासांहून अधिक वेळ लागला. नंतर तोच शोधणारा प्रोग्रॅम पुन्हा लावला. यादी रिकामी! मी त्याला आणखी एकदा पाहायला लावले.

मग आठवले, की त्या अर्जाची एक प्रत मी सवयीने माझ्या जुन्या पेन ड्राइव्हवर घेतली होती. "त्यावरही शून्ये लिही," मी म्हटले. भाचा म्हणाला, "तिथे त्याचा भरवसा नाही." पेन ड्राइव्हमध्ये आणि नव्या संगणकांतल्या एसएसडीमध्ये तबकडी नसते, चिप असते. तिचे सर्व भाग सारखे झिजावेत म्हणून आतला नियंत्रक दर वेळी मजकूर वेगळ्या जागी ठेवतो, शिवाय काही जागा राखून ठेवतो. आपण वरून लिहिले तरी जुनी प्रत कुठे तरी उरू शकते. एसएसडीला संपूर्ण पुसण्याची तिची स्वतःची आज्ञा असते, ती द्यावी. किंवा पहिल्या दिवसापासून सारे कुलूपबंद सांकेतिक रूपात ठेवावे, म्हणजे शेवटी किल्ली नष्ट केली की काम भागते. पेन ड्राइव्हसाठी मात्र सौ.च्या खलबत्त्यातला बत्ता उपयोगी पडला. नुसते वरचे कवच फुटून चालत नाही. आतल्या चिपचे तुकडे व्हावे लागतात. ते मी मोजून पाहिले.

दुसऱ्या दिवशी भाच्याने डिस्कवर नवी व्यवस्था घातली आणि मावशींचा मुलगा रिक्षातून संगणक घेऊन गेला.

त्या मुलीला फोन करावा, असे रात्री वाटले. ती आता परगावी नोकरी करते. पाडव्याला तिचा न चुकता फोन येतो. पण काय सांगणार? तिच्या मनातून ती गोष्ट माझ्या त्या एका बटणाबरोबर त्याच दिवशी पुसली गेली असेल. आता 'खरोखर पुसली' असे सांगणे म्हणजे ती पुन्हा लिहिण्यासारखेच. मी फोन केला नाही.

वाचकहो, या दिवाळीत जुना संगणक कोणाला देणार असाल, भंगारात घालणार असाल, तर एवढे जरूर करा. आपल्या डिस्कवर केवळ आपलेच नसते. विश्वासाने ठेवायला दिलेले दुसऱ्याचेही असते.