बाळाच्या डोळ्यातली पांढरी चमक

कर्करोग हा उतारवयातला, तंबाखू खाणाऱ्यांचा रोग, असा आपल्याकडे पक्का समज आहे. त्यामुळे दोन वर्षांच्या लेकराच्या डोळ्यात कर्करोग आहे असे सांगितले, की आई-वडिलांचा विश्वासच बसत नाही. या अविश्वासापायी वाया जाणारे दिवसच लेकराच्या जिवावर उठतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

या रोगाला रेटिनोब्लास्टोमा म्हणतात. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर ही गाठ होते आणि बहुतेक रुग्ण पाच वर्षांखालील असतात. साधारण 15 ते 20 हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. प्रमाण कमी वाटले तरी भारतात दरवर्षी सुमारे दीड हजार बालके यात सापडतात.

लक्षण ओळखायला डॉक्टरच हवा असे नाही. बाळाच्या काळ्या बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसते. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी येते. कधी डोळा तिरळा होतो, लाल राहतो, सुजतो. आपल्याकडे तिरळ्या डोळ्याला भाग्याचे लक्षण मानणारे लोक आहेत. चमक मोतीबिंदूमुळे किंवा दुसऱ्या कारणानेही असू शकते, पण ते तपासल्यावरच कळते. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून नेत्रतज्ज्ञाने पडदा पाहिला पाहिजे. तोवर काजळ, मध, झाडपाल्याचा रस यांतले काहीही डोळ्यात घालू नये.

हा रोग ग्रहणाने, नजर लागल्याने किंवा आईच्या खाण्याने होत नाही. पेशींची वाढ आवरून धरणाऱ्या एका जनुकात बिघाड झाल्याने तो होतो. तो संसर्गजन्य नाही. मात्र काही कुटुंबांत तो आनुवंशिक असतो. म्हणून एका मुलाला झाला तर त्याच्या भावंडांचेही डोळे तपासून घ्यावेत. सुनेला दोष देणाऱ्या सासरच्यांनी हे नीट समजून घ्यावे.

उपचारांचा क्रम ठरलेला आहे: आधी जीव, मग डोळा, मग दृष्टी. गाठ लहान असेल तर लेसर, अतिशीत उपचार आणि केमोथेरपीने डोळा वाचू शकतो. काही रुग्णांत किरणोत्सारी चकती ठराविक काळ डोळ्यावर बसवतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अशी रुथेनियमची चकती देशातच तयार केली आहे. गाठीने डोळा व्यापला असेल तर मात्र तो काढणे हाच सुरक्षित मार्ग असतो. काही आठवड्यांनी कृत्रिम डोळा बसवता येतो. रोग डोळ्यातच असताना उपचार झाले तर बहुतेक मुले वाचतात. तो मज्जातंतूवाटे मेंदूकडे गेला, की बाजी उलटते.

इथेच घरचे अडतात. "डोळा काढू देणार नाही", "पोरीचे लग्न कसे होणार" असे म्हणत लेकराला घरी नेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी 2004 चा 'श्वास' चित्रपट आठवावा. माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा, संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट याच रोगावर आहे. कोकणातले आजोबा नातवाचे दोन्ही डोळे काढायला संमती देतात. आपण सगळे ते पाहून रडलो. पण मला विचाराल तर ती हार नव्हती. नातू जगावा म्हणून आजोबांनी घेतलेला तो धाडसी निर्णय होता. दृष्टी नसलेले मूल शिकते, संसार करते. गमावलेले मूल परत येत नाही.

आपला उमरगा सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे, ही मोठी सोय आहे. पहिली तपासणी गावातल्या किंवा सोलापूरच्या नेत्रतज्ज्ञाकडे करावी. पुढच्या उपचारांसाठी मुंबईचे टाटा रुग्णालय आणि हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. परराज्यात जाण्यापूर्वी ही योजना तिथे चालते का, हे आधी विचारून घ्यावे.

मोठ्यांनीही गाफील राहू नये. उतारवयात एकाच जागी पुन्हा पुन्हा येणारी रांजणवाडी किंवा बुबुळाच्या कडेला वाढणारे मांस कधी कधी कर्करोग निघतो. काढलेला तुकडा तपासणीला पाठवायचा आग्रह धरा.

माझे एक मागणे आहे. लसीकरणाच्या दिवशी आपण बाळाचे वजन करतो, तसे दोन्ही डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकून पाहणेही नेमाचे व्हावे. याला खर्च नाही, वेळ मिनिटाचा लागतो. अंगणवाडीत मुलांची तपासणी करणाऱ्या पथकाला "डोळे पाहिले का?" असे आईनेच विचारावे. आणि चमक दिसली तर अमावास्या, सुगी, लग्नसराई यांतल्या कशासाठीही थांबू नये. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठावा.