विठाबाईंच्या बाळंतपणाला टाळ्या नकोत

नारायणगावच्या विठाबाईंची ती गोष्ट जुन्नर-आंबेगावात कोणाला माहीत नाही? यात्रेच्या मांडवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, महिला दिनाच्या भाषणात ती हमखास येते. नऊ महिने भरलेल्या विठाबाई बोर्डावर नाचत होत्या. खेळ रंगात आला आणि कळा सुरू झाल्या. त्या मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. पोट सपाट दिसले तेव्हा प्रेक्षकांच्या ध्यानात आले, त्यांनी हात जोडले आणि खेळ थांबवायला लावला, असे सांगतात. इथे वक्ता जरा थांबतो आणि टाळ्या पडतात.

मीही पुष्कळ वेळा टाळ्या वाजवल्या आहेत. नोकरीची सारी वर्षे आरोग्यसेविका म्हणून गेली, शेकडो बाळंतपणे पाहिली, तरी या गोष्टीला टाळी वाजवताना माझा हात कधी अडला नाही. आता अडतो. का अडतो, ते सांगण्यासाठीच हा लेख.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. वडील आणि चुलते, भाऊ-बापू मांग नारायणगावकर, यांचा तमाशा महाराष्ट्रभर गाजलेला. मातंग घरातली ही मुलगी लहानपणीच पायात चाळ बांधून उभी राहिली आणि पुढे स्वतःच्या नावाने फड चालवू लागली. फड चालवणे म्हणजे नुसते नाचणे-गाणे नव्हे. वग बसवायचा, सोंगाड्यापासून ढोलकीवाल्यापर्यंत सगळ्यांची पोटे भरायची, गाड्या हाकायच्या, सुपाऱ्या घ्यायच्या, कर्ज काढायचे आणि ते फेडायचे. ज्या काळात आपल्या बायकांना गावात मान वर करून चालता येत नव्हते, त्या काळात एक मातंग बाई एवढ्या माणसांची मालकीण होती. १९६२ च्या युद्धात त्या जवानांसाठी सीमेवर गेल्या. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचे बिल लोकांच्या देणग्यांतून भागवावे लागले. पुढे महाराष्ट्र शासनाने तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने सुरू केला.

त्यांच्या कर्तृत्वाबद्दल माझे दुमत नाही. पण त्यांच्या आयुष्यातून आपण उचलून घेतले काय? फड उभा करणारी, माणसे सांभाळणारी बाई आपण बाजूला ठेवली आणि बाळंतपणाची ती एक रात्र तेवढी पुढे आणली.

त्या रात्री एका बाईच्या शरीरात काय चालले असेल, ते सेविकेच्या नजरेने पाहा. मूल बाहेर आले म्हणजे बाळंतपण संपत नाही. वार पडायची असते. वार पडली की गर्भाशय आवळून घट्ट व्हावे लागते, तेव्हा आतल्या रक्तवाहिन्या बंद होतात. ते आवळले नाही तर रक्त वाहतच राहते. पहिल्या चोवीस तासांत अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेले तर त्याला आम्ही धोक्याचा रक्तस्राव म्हणतो. आपल्याकडे माता दगावण्याचे ते एक मोठे कारण आहे. म्हणूनच आज मूल जन्मताच आईला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात आणि पुढचे दोन तास तिच्याजवळून हलायचे नाही असा नियम आहे. त्या दोन तासांत विठाबाई नाचत होत्या. आणि दगड? मातीतल्या दगडाने तोडलेल्या नाळेतून धनुर्वाताचे जंतू जातात. बाळ पाच-सहा दिवसांचे झाले की दूध ओढेनासे होते, अंग ताठ होते. जुन्या बायका त्याला आठव्या दिवसाचा आजार म्हणत. देशातून हा नवजात धनुर्वात हटल्याचे जाहीर व्हायला २०१५ साल उजाडावे लागले. त्या रात्री आई आणि बाळ दोघेही वाचले ही नशिबाची गोष्ट होती. ज्या दोघांचे नशीब आड आले, त्यांची गोष्ट कोणी मांडवात सांगत नाही.

जे लगेच दिसत नाही ते तर आणखी वेगळे. आपल्या आज्या सव्वा महिना म्हणत, डॉक्टर बेचाळीस दिवस म्हणतात. तेवढ्या काळात गर्भाशय जागेवर येते आणि ते धरून ठेवणारे सैल झालेले स्नायू परत ताकद धरतात. त्या दिवसांत जड उचलले, तासन्‌तास उभे राहिले, बाळंतपणे एकामागून एक झाली, तर पुढे अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. माझी आई मंचरकडे कांदा काढायला जायची. माझ्या पाठच्या भावाच्या वेळी ती बाराव्या दिवशी वावरात होती. तिचे अंग बाहेर येते हे मला, सेविका असलेल्या तिच्या मुलीला, ती साठीला आली तेव्हा समजले. वीस वर्षे ती ते कापडाने दाबून धरून चालत होती. "तुला काय सांगायचं बाई, सगळ्यांचंच असतं," म्हणाली. तिच्या बाराव्या दिवसाला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण कौतुक झाले होते. किती काटक आहे म्हणाले होते.

हा काटकपणाचा कौतुकसोहळा बाबासाहेबांनी फार पूर्वी नाकारला होता. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी सुट्टी देण्याचे विधेयक आले. विरोध करणारे खर्चाचा हिशेब मांडत होते. बाबासाहेब विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचेच हित आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, पण म्हणून मालकाची सुटका होत नाही, हेही त्यांनी सांगितले. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढे १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात खाणीतल्या बायकांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यात दोनदा सुधारणा झाली.

स्वातंत्र्यानंतर १९६१ चा मातृत्वलाभ कायदा आला. १९७३ मध्ये त्यात एक दुरुस्ती झाली, तिच्याकडे आपले कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. घोड्यांचे, कसरतींचे आणि "इतर" खेळ करून दाखवणाऱ्या आस्थापना त्या कायद्यात आल्या. डोळ्यांपुढे सर्कशीतल्या बायका होत्या. पण तमाशालाही आपण खेळच म्हणतो ना? आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेले असावे, एवढी अट होती. दसऱ्याला फड बाहेर पडतो तो बुद्धपौर्णिमेच्या सुमाराला परततो. ऐंशी दिवस म्हणजे त्या हंगामाचा अर्धा भागही नाही. आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावला गेला आहे आणि तिच्यातही मातृत्वलाभाचे प्रकरण आहे. तरी नारायणगावच्या राहुट्यांत बसलेल्या एकाही बाईने मला कधी सांगितले नाही की तिला बाळंतपणाची पगारी सुट्टी मिळाली.

फडमालकाला शिव्या घालून हा प्रश्न सुटत नाही, हे विठाबाईंच्याच गोष्टीत दिसते. त्या रात्री नाचणारी बाई फडाची मोठी कलावंत होती. तिच्या नावावर सुपारी होती. खेळ थांबला तर सुपारी बुडणार, बिथरलेला पब्लिक कनाती फाडणार, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या चुली कशा पेटणार? अशा बाईला पगारी सुट्टी देणारा मालक कुठून आणायचा? १९२८ मध्ये बाबासाहेबांनी सरकारकडे बोट दाखवले ते याच कारणाने, असे मला वाटते. शासन विठाबाईंच्या नावाने म्हातारपणी पुरस्कार देते. त्याच नावाने तरुण कलावतीला बाळंतपणाचे सहा महिन्यांचे मानधन दिले तर काय बिघडेल? पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला पाच हजार आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार रुपये मिळतात. पण त्यासाठी नोंदणी एका जागी, तपासण्या वेळेवर आणि कागद पुरे लागतात. रोज नव्या गावात मुक्काम करणाऱ्या बाईने हे कुठे जुळवायचे?

आपल्यातले काही जण म्हणतील, आपल्या मासिकात तमाशा कशाला? प्रश्न रास्त आहे. पठ्ठे बापूरावांनी पवळाच्या खेळांतून आलेले पैसे चळवळीला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही हकीकत आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. १६ जून १९३६ रोजी मुंबईत दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्या सभेत त्यांनी हे जिणे सोडा असे स्पष्ट बजावले होते. मी त्यातला एक शब्दही कमी करणार नाही. पण बाबासाहेबांनी पैसे नाकारले, त्या सभेला मात्र ते स्वतः जाऊन उभे राहिले. आपण उलटे केले. तमाशा सोडला तो चांगलाच केला, पण त्याबरोबर तिथल्या बायकांकडे पाहणेही सोडले. यात्रेच्या रात्री खेळ बघायला मात्र आपली पोरे पहिल्या रांगेत असतात. येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या प्राध्यापक शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांच्या माणूसपणावर २०२२ मध्ये इंग्रजीत जाड ग्रंथ लिहिला. आपल्या वाचनालयांनी त्यावर एखादी चर्चा ठेवायला हरकत नाही.

माझ्यावरही ठपका आहेच. मी ज्या उपकेंद्रात होते, तिथून राहुट्या हाकेच्या अंतरावर होत्या. चैत्रात तिथे फड उतरायचे. गरोदर बायका असणारच, हे मला कळत होते. पण त्या "बाहेरगावच्या". माझ्या रजिस्टरात त्यांचे नाव नाही, माझ्या उद्दिष्टात त्यांची गणती नाही. मी एकदाही पिशवी उचलून तिकडे गेले नाही. कोणी जा म्हटले नाही, हे खरे. कोणी जाऊ नको असेही म्हटले नव्हते.

हेच ऊसतोडीच्या बायकांचे. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या पट्ट्यात दिवाळीनंतर कोप्या पडतात. तमाशात उचल, ऊसतोडीतही उचल. शब्दसुद्धा तोच. एक दिवस पडलात तर खाडा. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचा गाजावाजा झाला, तेव्हा २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक बायकांत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. ज्यांना सव्वा महिना मिळत नाही, त्यांना चाळिशीच्या आत ऑपरेशन मिळते. अंग बाहेर येणे, पांढरे जाणे, पाळीचा त्रास, या सगळ्यावर पिशवी काढणे हा एकच इलाज नसतो. सुरुवातीला कटीच्या स्नायूंचे व्यायाम असतात, आत बसवायची रिंग असते, साधी औषधे असतात. कोणी डॉक्टर एका भेटीत ऑपरेशनची तारीख देत असेल, तर आधी सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्या. माझ्या आईला रिंगने आराम पडला. वीस वर्षे उशिरा.

गुढीपाडव्याच्या आगेमागे नारायणगावला पुन्हा राहुट्या लागतील आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतील. आमच्या विहारातल्या महिला मंडळाने यंदा ठरवले आहे की भीमजयंतीच्या तयारीतून दोन दिवस काढायचे आणि तिथे जाऊन बसायचे. रक्तदाब मोजायचा, हिमोग्लोबिन तपासायचे. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांना रक्त कमी आहे. अकराच्या खाली असलेल्या गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि तिच्या हातात माता-बाल संरक्षण कार्ड ठेवायचे, म्हणजे पुढच्या मुक्कामाच्या सेविकेला तिचा मागचा हिशेब कळेल. १०२ आणि १०८ हे दोन नंबर प्रत्येकीच्या फोनमध्ये घालून द्यायचे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे, सिझेरियन आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे, हे अजून कित्येकींना ठाऊक नाही. फडमालकांशी एवढेच बोलायचे, की सातव्या महिन्यानंतर बाईला बोर्डावर उभे करू नका, गाण्याला बसवा, पण तिची उचल कापू नका. आणि यात्रा कमिट्यांतल्या आपल्या पोरांना सांगायचे, की सुपारीचा आकडा ठरवताना बायकांसाठी आडोसा, पाणी आणि संडास आहे का, ते आधी विचारा.

दोन निवृत्त सेविका आणि एक आशाताई तयार आहेत. रक्तदाबाचे एक मशीन आहे, दुसरे हवे आहे. लोहाच्या गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात अर्ज दिला आहे. जुन्नर किंवा आंबेगावातल्या ज्या भगिनींना यायचे असेल, त्यांनी आपापल्या विहारात नाव द्यावे. येताना सुती जुनी लुगडी धुऊन आणावीत, बाळंतिणींना लागतात.