संकटातील हाक आणि तिचे ठिकाण

संकटात सापडलेला मनुष्य दूरध्वनीवरून मदत मागतो, तेव्हा त्याच्या हाकेतून दोन गोष्टी कळणे आवश्यक असते : काय घडले आहे, आणि कोठे घडले आहे. पहिली गोष्ट अपुरी कळली तरी मदत निघू शकते; दुसरी कळली नाही तर बंब आणि रुग्णवाहिका सज्ज असूनही जागच्या जागी उभ्या राहतात. इंटरनेटच्या मार्गाने चालणाऱ्या दूरध्वनीने मनुष्याचा आवाज दूर पोहोचविणे स्वस्त आणि सुलभ केले. परंतु तो आवाज कोठून येत आहे, हे ज्ञान मात्र त्याच्या हातून निसटले. ते परत मिळविण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. तो साऱ्या समाजाचा आहे.

नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. शेजाऱ्याने दूरध्वनी केंद्राला हाक दिली होती, पण इतर कामांच्या रांगेत ती अडकून राहिली. त्यानंतर ३० जून १९३७ रोजी त्या शहरात ९९९ हा स्वतंत्र क्रमांक सुरू झाला. अमेरिकेत ९११ या क्रमांकावरील पहिली हाक फेब्रुवारी १९६८ मध्ये अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या गावी दिली गेली. तारेच्या दूरध्वनीची रचना अशा क्रमांकांना फार उपकारक ठरली. प्रत्येक घरातून तारांची एक जोडी निघून दूरध्वनी केंद्रापर्यंत जात असे आणि ती जोडी कोणत्या घराची, याची नोंद केंद्रात असे. बोलणाऱ्याची वाचा बसली तरी तार आपला पत्ता सांगत असे. शिवाय यंत्रास लागणारी वीज केंद्रातील विद्युत्‌घटांतून येत असल्यामुळे घरातील दिवे गेले तरी सामान्यतः दूरध्वनी चालू राही.

इंटरनेट दूरध्वनीची रीत याहून अगदी निराळी आहे. त्यात आवाजाचे बारीक तुकडे करून ते माहितीच्या रूपाने पाठविले जातात आणि पलीकडे पुन्हा जुळविले जातात. ग्राहकाचा क्रमांक कोणत्याही तारेशी बांधलेला नसतो. पुण्यात घेतलेले खाते दिल्लीत उघडले तरी ते तितक्याच सहजतेने चालते. सेवा देणारी कंपनी खाते ओळखते आणि इंटरनेट पुरविणारी दुसरी कंपनी आपला ग्राहक ओळखते; परंतु या दोन माहित्या एकत्र करणारे कोणी असेलच असे नाही. इंटरनेटवरील सांकेतिक पत्त्यावरून फार तर गाव किंवा विभाग कळतो. घराचे दार कळत नाही. त्यातच घरातील वीज गेली की राउटर बंद पडतो आणि त्याच्यासह दूरध्वनीही. काही लोकप्रिय संदेश-सेवांवरून तर संकटाचा क्रमांक लागतच नाही.

या उणिवेचे मोल किती जबर असू शकते, हे एप्रिल २००८ मध्ये कॅनडातील कॅलगरी शहरात दिसून आले. एका अत्यवस्थ बालकासाठी त्याच्या कुटुंबाने इंटरनेट दूरध्वनीवरून ९११ ला हाक दिली. हे कुटुंब पूर्वी मिसिसागा येथे राहत असे, आणि कंपनीच्या नोंदीत तेथीलच पत्ता होता. रुग्णवाहिका निघाली, पण ती दोन हजार किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या त्या जुन्या पत्त्याकडे. बालक दगावले. मदत वेळेवर पोहोचती तर ते वाचले असते किंवा कसे, हे कोणी सांगू शकणार नाही. परंतु त्या मातापित्यांना ती संधीच मिळाली नाही, हे निश्चित.

विशेष हे की, नियम त्यापूर्वीच झाले होते. २००५ मध्ये कॅनडाने आणि अमेरिकेनेही अशा कंपन्यांवर ९११ ची सोय देण्याचे बंधन घातले होते. ग्राहकाने आपला पत्ता नोंदवावा आणि हाक आली की तो पुढे कळवावा, अशी ही योजना. तिची कमकुवत बाजू उघड आहे. घर बदलणारा मनुष्य गॅसची जोडणी आणि रेशनकार्ड यांची आठवण ठेवतो. दूरध्वनी कंपनीच्या नोंदीची ठेवीलच असे नाही. जी व्यवस्था ग्राहकाच्या स्मरणशक्तीवर उभी आहे, ती नेमकी संकटाच्या क्षणी कोसळण्याचा संभव असतो.

भारतात पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांसाठी ११२ हा एकच क्रमांक असून, या योजनेचा आरंभ नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशापासून झाला. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०१७ मध्ये, दूरसंचार नियामक प्राधिकरणाने इंटरनेट दूरध्वनीविषयी शिफारशी केल्या. संकटाच्या क्रमांकाची सोय देण्यास कंपन्यांना उत्तेजन द्यावे, तूर्त सक्ती करू नये, आणि सेवेच्या मर्यादा ग्राहकांना स्पष्ट सांगाव्यात, असा त्यांचा आशय होता. नव्या सेवेला मूळ धरू देण्यासाठी हे धोरण समजण्याजोगे होते. परंतु ‘तूर्त’ हा शब्द वर्षानुवर्षे टिकू लागला की त्याचा अर्थ ‘कधीच नाही’ असा होतो. आणि सूचनेविषयी बोलावयाचे तर, घरात धूर कोंडला असताना सेवेच्या अटी कोण वाचणार? शिवाय घरी आलेला पाहुणा, नोकर किंवा लहान मूल यांनी त्या कधीच वाचलेल्या नसतात.

सक्तीविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, हे तंत्रदृष्ट्या अवघड आहे. अवघड खरे, पण अशक्य नव्हे. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरविणाऱ्या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, हाकेचे स्थान दिले असता योग्य मदतकेंद्र शोधून देणारी पद्धत २००८ मध्येच प्रसिद्ध केली. आजचा मोबाइल उपग्रहांच्या आणि जवळच्या वायफायच्या साहाय्याने आपले स्थान जाणतो. भोजन घेऊन येणाऱ्याला जे दार सापडते, ते रुग्णवाहिकेला सापडू नये, याला तंत्राची मर्यादा म्हणता येणार नाही. दुसरा आक्षेप खाजगीपणाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. कोणाचाही सतत माग काढला जाणे इष्ट नाही. म्हणून स्थान केवळ संकटाच्या क्रमांकावर हाक दिली असतानाच आणि केवळ मदतकेंद्रालाच कळावे, असे बंधन नियमातच असले पाहिजे.

तोवर नागरिकांनी आपल्यापुरती दक्षता घ्यावी. इंटरनेट दूरध्वनीवर सर्वस्वी विसंबू नये; साधा मोबाइल किंवा तारेचा दूरध्वनी हाताशी ठेवावा. घर बदलताच नोंदीतील पत्ता बदलावा. हाक देताना प्रथम ठिकाण सांगावे, मग संकट. आणि शाळांनी मुलांना घराचा पत्ता स्वच्छ शब्दांत सांगण्याचा सराव द्यावा. तथापि नागरिकांची दक्षता हा नियमाला पर्याय नव्हे. ज्याला भोवळ येत आहे, ज्याच्या दाराशी हल्लेखोर उभा आहे, त्याच्याकडून पत्त्याची अपेक्षा करता येत नाही. जुनी तार हे काम न सांगता करीत असे. तिची जागा घेणाऱ्या यंत्रणेने तिचे हे कर्तव्यही पत्करले पाहिजे.