गिटारवादन आणि विद्याभ्यास

गेल्या परीक्षेपूर्वीं एका पालकांच्या विनंतीवरून आम्हीं त्यांच्या मुलाची गिटार शाळेच्या कपाटांत कुलूपबंद करून ठेविली. तेव्हां आपण उचितच केलें असें आम्हांस वाटलें होतें. आतां तसें वाटत नाहीं. आणि तें कां, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

रॉक संगीत म्हणजे निव्वळ गोंगाट, अशी पुष्कळांची समजूत आहे, आमचीही होती. परंतु इंग्लंडांतील 'क्वीन' या वाद्यवृंदाचे गिटारवादक ब्रायन मे यांचें वादन लक्षपूर्वक ऐकिलें असतां ती टिकत नाहीं. याच वृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी बालपणीं पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकले, हें कित्येक वाचकांस ठाऊक असेल.

मे हे तार छेडण्यास प्लास्टिकची पट्टी न घेतां सहा पेन्सचें जुनें नाणें घेतात. नाणें वाकत नाहीं. त्यामुळें तारेचा ताण थेट बोटांस कळतो, आणि त्याची दांतेरी कड किंचित् तिरपी फिरविली कीं सुरास खरखरीत धार येते. दुसरी युक्ति प्रतिध्वनीची. वाजविलेला सूर यंत्रांतून थोड्या अवकाशानें परत येतो, आणि त्यावर ते दुसरा सूर नेमका बसवितात. येथें काळाचें गणित चुकून चालत नाहीं. तिसरी युक्ति, ध्वनिमुद्रणाच्या वेळीं एकावर एक सूर चढवून एकाच गिटारीचा समूह उभा करणें. आपल्या गायनमंडळांत चार आवाज एकमेकांस धरून चालतात, तसेंच हें.

ही गिटारही विकतची नव्हे. १९६३ सालीं, सोळा वर्षांचे असतां, त्यांनीं वडिलांच्या साहाय्यानें ती घरींच बनविण्यास आरंभ केला. मानेस जुन्या शेकोटीच्या चौकटीचें लांकूड, खुणांस शिंपल्याच्या गुंड्या, आणि सुरास कंप देणाऱ्या योजनेंत जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा!

पुढें याच पुत्रानें खगोलशास्त्राचें संशोधन अर्धवट टाकून संगीत पत्करिलें, तेव्हां त्याच वडिलांस खेद झाला. तो खेद आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. परंतु तेंच संशोधन मे यांनीं २००७ सालीं, साठी गांठल्यावर, पूर्ण करून लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतून डॉक्टरेट मिळविली. वाद्यानें विद्येची वाट लांबविली खरी, पण बंद केली नाहीं.

प्रत्येक वादक मे होतो असें आमचें म्हणणें नाहीं. अभ्यासाची वेळ अभ्यासासच दिली पाहिजे. परंतु एक सूर शुद्ध निघेपर्यंत शंभर वेळां वाजविण्याचा धीर ज्या मुलापाशीं आहे, त्याच धीरानें त्यास भूमितीचा सिद्धांतही शिकवितां येईल. कुलूपानें तो धीर शिकवितां येत नाहीं. आईबापांनीं एकदां मुलाजवळ बसून ऐकावें, मग वेळ नेमून द्यावी. आणि मुलानें ती पाळावी.

आमच्या कपाटाचें कुलूप आम्हीं काढिलें आहे.