खरपूस, लागलेले आणि करपलेले

पिठल्याच्या कढईच्या तळाशी जमलेली खरवड मिळावी म्हणून ज्या घरांत भांडणे होतात, त्याच घरांत करपलेल्या आमटीच्या वासाने जेवणाचा विचका होतो. दोन्ही प्रकार तळालाच घडतात. फरक आहे तो काही अंशांचा आणि काही मिनिटांचा. मराठीने हा फरक फार नेमका टिपला आहे: आधी ‘खरपूस’, मग ‘खाली लागले’ आणि शेवटी ‘करपले’. सल्ले देताना मात्र आपण हे तिन्ही एकाच मापाने मोजतो. एकीकडे ‘करपलेले खाल्ले की कर्करोग’ असे संदेश मोबाइलवर फिरतात, तर दुसरीकडे अन्न टाकवत नाही म्हणून काळा तळ कुणीतरी मुकाट्याने संपवते. मला हे दोन्ही पटत नाही.

भांड्याच्या तळाला पाणी टेकून उकळत असते तोवर तिथले तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही. वरण पातळ असेल तर खालचे गरम पाणी वर आणि वरचे खाली असे फिरत राहते. डाळ शिजून दाट झाली की हे फिरणे थांबते. तळाशी एक थर बसतो, त्यातले पाणी उडून जाते आणि मग तापमानाला अडवणारे काही उरत नाही. १४० अंशांच्या आसपास तांबूस रंग आणि खमंग वास येऊ लागतो. फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली हीच ती प्रक्रिया, भाकरीच्या पापुद्र्याला आणि भाजलेल्या रव्याला चव देणारी. तापमान आणखी चढले की त्याच पदार्थांचा कोळसा होऊ लागतो. दुधाची तऱ्हा थोडी वेगळी. त्यातली काही प्रथिने ७० अंशांच्या पुढे उलगडतात आणि तळाला चिकटतात. त्यामुळे दूध उकळायच्या आधीच लागू शकते.

म्हणूनच ‘लागले’ आणि ‘करपले’ यांच्यामधली दोन-तीन मिनिटे महत्त्वाची आहेत. वास आला की बहुतेकांचा हात आधी डावाकडे जातो आणि तळ खरवडून ढवळले जाते. नुकसान होते ते इथे. त्या क्षणी ढवळू नये, खरवडू नये, पाणीही ओतू नये. गॅस बंद करून भांडे शेगडीवरून उतरवावे आणि वरचा भाग अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावा. तळाजवळचा बोटभर थर सोडून द्यावा. तो वाचवायच्या नादात सगळेच जाते. काढलेल्याची चव पाहावी. बरी असेल तर नव्या भांड्यात थोडे गरम पाणी घालून पुढे शिजवावे. कुकरमधून करपट वास आला तर गॅस बंद करून वाफ आपोआप जिरेपर्यंत थांबावे. घाईने झाकण उघडण्याइतकी कोणतीही खिचडी मोलाची नसते.

पुढचा प्रश्न असतो वास घालवण्याचा. पावाचा तुकडा ठेवा, बटाट्याची फोड टाका, असे उपाय सांगितले जातात. त्यांवर माझा फारसा भरवसा नाही. करपट वास देणारी द्रव्ये अत्यंत अल्प प्रमाणातही नाकाला कळतात, आणि त्यांतली बरीचशी तेलातुपात मिसळून पदार्थभर पसरतात. वर ठेवलेला पाव ती ओढून घेईल कशी? चिंच, गूळ, मसाला यांनी वास झाकला जातो, जात नाही. निखाऱ्यावर तूप सोडून दिलेला धुंगार थोडा अधिक चालतो, कारण धुराचा वास आणि करपट वास हे जवळचे नातेवाईक. हलके लागलेल्या डाळीला तो खपून जातो. दूध मात्र एकदा करपले की त्याचा चहा करा, पनीर करा, वास सोबत येतोच.

आता आरोग्याचे. पिठूळ पदार्थ कोरड्या अवस्थेत १२० अंशांपेक्षा जास्त तापले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड तयार होते. अन्नातले त्याचे अस्तित्व २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी जगापुढे आणले. त्याआधीच, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात ‘बहुधा’ कर्करोगकारक असल्याचे म्हटले होते. मात्र हा निष्कर्ष मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आला. आहारातून पोटात जाणाऱ्या प्रमाणामुळे माणसांत कर्करोग वाढतो, असे पाहण्यांमधून सातत्याने दिसलेले नाही. तेव्हा एखाद्या वेळी भाताची तपकिरी खरवड खाल्ली म्हणून झोप उडवून घेऊ नये. काळा तळ रोज खाण्याला मात्र काही अर्थ नाही. त्यात पोषण जवळजवळ उरलेले नसते आणि नको ती द्रव्ये असतात.

आणि हा तळ खाते कोण? पाहुण्यांना वरचे, मुलांना मधले आणि जिने रांधले तिला उरलेले. करपलेली पोळीही तिच्याच ताटात जाते. याला कुणी काटकसर म्हणते, कुणी माया. मला ती भरपाई वाटते, न केलेल्या गुन्ह्याची. एका शेगडीवर कुकर, दुसरीवर दूध, दारात कुरिअरवाला आणि हातात मुलाचा डबा अशा वेळी भाजी लागली तर तो हलगर्जीपणा कसा? काळा थर घरात कुणीच खाऊ नये; जिने केले तिनेही नाही.

लागू नये म्हणून जुन्या स्वयंपाकघरांत उपाय होते आणि ते शास्त्राला धरून होते. भाजीवर झाकलेल्या ताटलीत पाणी ठेवले की आतली वाफ थंड ताटलीला लागून थेंबांच्या रूपाने परत पडते आणि भाजी कोरडी होत नाही. वरचे गरम झालेले पाणी हवे तेव्हा आत घालता येते. बासुंदीच्या भांड्याखाली तवा ठेवला की आच पसरते. दुधाआधी पातेले पाण्याने विसळण्याचाही थोडा फायदा होतो. पातळ स्टीलची पातेली सगळ्यांत लवकर लागतात, कारण स्टीलपेक्षा अ‍ॅल्युमिनियम उष्णता सुमारे १५ पट चांगली वाहून नेते. स्टीलमध्ये ज्योतीवरचाच भाग तापतो. जाड बुडाचे किंवा मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेले भांडे घ्यावे. कुकरची शिट्टी वेळेवर झाली नाही आणि बाजूने वाफ जात असेल, तर गॅस्केट पाहावे, कारण आतले पाणी संपत चाललेले असते.

करपलेल्या स्टीलच्या भांड्यात पाणी आणि खाण्याचा सोडा घालून उकळले की थर सुटतो. अ‍ॅल्युमिनियमला सोडा लावू नये, ते काळे पडते. कल्हईचे पितळी पातेले कोरडे तापले असेल तर जास्त जपावे. कथील २३२ अंशांना वितळते, त्यामुळे कल्हई गेलेली असू शकते. पुन्हा कल्हई होईपर्यंत त्यात आंबट काही शिजवू नये.

करपल्याची पहिली वर्दी नाक देते, आणि वयाबरोबर नाक मंदावते. करोनानंतर काहींचा वास पूर्ण परतलाच नाही. अशा घरांत मोबाइलचा गजर किंवा ठरलेल्या वेळी आपोआप बंद होणारी शेगडी असावी. पण पन्नास वर्षे रांधलेल्या आजींच्या हातून अलीकडे वरचेवर भांडी करपू लागली असतील, तर ‘आता वय झाले’ म्हणून हसण्यावारी नेऊ नये. वास येत नाही म्हणून, की शेगडीवर काही ठेवल्याचेच विसरल्या म्हणून, हे आधी पाहावे. डोळे मिटून हिंग, लवंग, कॉफी ओळखता येते का, हे घरीही तपासता येते. वास नीट येत असूनही भांडी करपत असतील, तर ते स्मृतिभ्रंशाचे सुरुवातीचे लक्षण असू शकते. कधी आणि किती वेळा झाले, हे लिहून ठेवावे आणि डॉक्टरांकडे जाताना तो कागद सोबत न्यावा.