बाईंना लिहायचं राहिलेलं पत्र

मैत्रिणींनो, परवा सकाळी पोळ्या करताना फोन आला, "अगं, आपल्या बाई गेल्या." तव्यावरची पोळी करपली. कोणत्या बाई, हे विचारावंच लागलं नाही. कॉलेजात शिकवणाऱ्या बाई पुष्कळ होत्या, 'आपल्या' अशा एकच.

जुन्या शहरातल्या आम्ही चौघी मोर्णेचा पूल ओलांडून पायी कॉलेजात जात असू. घरी पोचायला जरा उशीर झाला की बोलणी ठरलेली, मग वाचनालयात बसणार केव्हा? बाईंनी ते ओळखलं. त्या स्वतःच्या नावावर पुस्तक काढून आमच्या हाती देत आणि म्हणत, "वाटेत उघडू नका हं, पुलावरून पडाल!"

त्यांनी मला दिलेलं पहिलं पुस्तक कुसुमावती देशपांड्यांचं 'दीपकळी'. "ही आपल्या वऱ्हाडचीच लेक," बाई कौतुकानं सांगत. १९०४ साली अमरावतीत जन्मलेल्या कुसुमावती लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजात शिकून आल्या. नागपूरला त्यांनी शिकवलं इंग्रजी, पण कथा लिहिल्या मराठीत. 'दीपकळी' १९३४ सालचं. १९६१ साली ग्वाल्हेरला त्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. आणि त्याच वर्षी त्या गेल्या. दुसरी स्त्री अध्यक्ष, दुर्गाबाई भागवत, व्हायला १९७५ साल उजाडलं. हे सगळं सांगून बाई विचारत, "अमरावती अकोल्याहून काय फार लांब आहे का गं?" आम्ही हसत असू. त्यांना काय म्हणायचं होतं, ते पुष्कळ उशिरा कळलं.

माझं लग्न इथंच, राजेश्वराच्या देवळाजवळच्या घरात झालं. बाई निवृत्त होऊन नागपूरला गेल्या. दर दिवाळीला त्यांचं पोस्टकार्ड येई, "सध्या काय वाचतेस?" पहिली काही वर्षं मी उत्तर धाडलं. मग मुलं, सासऱ्यांचं आजारपण, उन्हाळ्याचे पापड-कुरडया. 'काही नाही वाचत' असं कोणत्या तोंडानं लिहायचं? बाईंची कार्डं येत राहिली, मी ती कपाटात ठेवत राहिले.

परवा तीच काढून बसले होते. सासूबाई म्हणाल्या, "काऊन वं, रडून कोनाले पत्र पोचते काय?"

खरंच होतं. संध्याकाळी लेकीला सांगून वाचनालयातून 'दीपकळी' आणवलं. सासूबाईंना आता नीट दिसत नाही, म्हणून निजताना त्यांना एक गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवली. मध्ये दोनदा अडखळले. त्या ऐकता ऐकता झोपल्या असं वाटलं, तर म्हणतात कशा, "उद्या पुढची वाच."

कुसुमावती आणि त्यांचे यजमान कवी अनिल यांची पत्रं १९७२ साली 'कुसुमानिल' नावानं पुस्तकरूपानं आली. कोणी जपून ठेवली, म्हणूनच ना! बाईंची कार्डं आता मी एका डब्यात, कडुलिंबाचा वाळका पाला घालून ठेवली आहेत.

मैत्रिणींनो, तुमच्याही अशा एखाद्या बाई असतीलच. आजच दोन ओळी टाका. वाचन सुटलं असेल तर 'सुटलं' असंच लिहा. बाई रागावत नसतात. मला मात्र हे उमगेपर्यंत पत्ता उरला नाही.