सावरण्याची विद्या

समुद्री कयाक शिकण्यासाठी वर्गात येणाऱ्या बहुतेक नवशिक्यांची नजर एकाच कौशल्यावर खिळलेली असते. कयाक उलटली की पाण्याखालूनच वल्हे फिरवायचे आणि क्षणार्धात पुन्हा सरळ होऊन बसायचे! यालाच ‘रोल’ म्हणतात. दृश्य नेत्रदीपक असते, यात शंका नाही. परंतु रोल साधला म्हणजे समुद्र जिंकला, ही समजूत घातक आहे. ज्या वर्गात ती दूर केली जात नाही, त्या वर्गाने आपले निम्मे काम केलेच नाही, असे म्हटले पाहिजे.

ही विद्या मुळात खेळ नव्हती. ग्रीनलंडचे इन्युइट शिकारी कातड्याने मढविलेल्या अरुंद कयाकमधून सीलच्या शिकारीस जात. ‘तुइलिक’ नावाचा कातडी अंगरखा चेहरा, मनगटे आणि बैठकीची कड यांभोवती घट्ट आवळलेला असे. बर्फाळ पाण्यात नावेबाहेर पडणे म्हणजे काही मिनिटांतच हातपाय बधिर होणे. तेव्हा नावेत राहूनच सरळ होण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून त्यांनी एकेका संकटासाठी वेगळा रोल घडविला. वल्हे दोरीत अडकले तर काय करायचे, ते निसटलेच तर भाला फेकण्याच्या फळीने कसे उठायचे, तीही गेली तर रिकाम्या हाताने कसे सावरायचे, या प्रत्येक प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर होते. पुढे मोटारबोटी आल्या आणि ही परंपरा क्षीण झाली. १९८५ साली ग्रीनलंडवासीयांनी स्वतःची कयाक संघटना स्थापून तिला पुन्हा उभारी दिली.

या परंपरेचा बोध केवळ कसरतीत शोधणे चुकीचे ठरेल. चांगला शिक्षक रोलने आरंभ करीत नाही. प्रथम उलटलेल्या कयाकमधून शांतपणे बाहेर पडणे, मग ‘ब्रेस’ म्हणजे वल्ह्याने पाण्याचा टेकू घेणे, आणि रोल त्यानंतर, हा क्रम आहे. नाव कलू लागताच वल्ह्याचे पाते पाण्यावर सपाट टेकवायचे आणि कमरेच्या व गुडघ्याच्या झटक्याने नाव अंगाखाली ओढून घ्यायची. कोपर अंगालगत हवे. हात डोक्यावर ताणला तर खांदा निखळण्याचा धोका असतो. आणि डोके सर्वांत शेवटी उचलायचे! बुडणाऱ्या माणसाची उपजत प्रेरणा नेमकी उलट असते. तो श्वासासाठी आधी डोके वर काढू पाहतो आणि त्याच भाराने नाव पुन्हा खाली जाते. या प्रेरणेवर मात करणे, हेच खरे शिक्षण. ते बाहुबळाने येत नाही, की पुस्तक वाचूनही येत नाही. उथळ, शांत पाण्यात शेकडो वेळा उलटल्यावरच ते अंगवळणी पडते.

तरीही कौशल्य म्हणजे अभयदान नव्हे. ब्रिटिश संशोधक जिनो वॉटकिन्स यांनी १९३०-३१ च्या मोहिमेत ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांकडून रोल आत्मसात केला होता. २० ऑगस्ट १९३२ रोजी ते कयाक घेऊन एकटेच शिकारीस गेले. सहकाऱ्यांना त्यांची रिकामी कयाक सापडली. देह मिळालाच नाही. वय अवघे २५! निष्णात माणसालाही सोबतीची गरज असते, हे या घटनेतून उमगावे.

आज कोकणात आणि गोव्यात खाड्यांमधून कयाकची सफर लोकप्रिय होत आहे. तेथील उघड्या नावा उलटल्या तरी माणूस सहज बाजूला पडतो. त्यांना रोलची आवश्यकता नाही. मात्र खाडीचा अनुभव गाठीशी बांधून कोणी बंदिस्त कयाकमधून खुल्या समुद्राकडे वळणार असेल, तर जीवरक्षक जाकीट चढविले की तयारी झाली, असे मानून चालणार नाही. जाकीट माणसाला तरंगत ठेवते. सावरायला शिकवीत नाही.

म्हणून शिकणाऱ्याने वर्गात पहिला प्रश्न ‘रोल केव्हा शिकवणार?’ हा विचारू नये. वारा, भरती-ओहोटी आणि सोबती यांचा विचार करून पाण्यात उतरणे ही पहिली सुरक्षा, टेकू ही दुसरी आणि रोल ही तिसरी. ज्याच्या पहिल्या दोन पायऱ्या पक्क्या, त्याच्यावर तिसरीचा प्रसंग क्वचितच येतो. आणि आलाच, तर उलटण्याची भीती आधीच गेलेली असल्यामुळे तो पाण्याखालीही भानावर राहतो.